1900 सालचा ‘बोलका’ हॅम्लेट: आवाज खरंच होता का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका हौशी नाट्यग्रुपला शेक्सपिअरवरच्या कार्यक्रमात सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीची हॅम्लेटची जुनी क्लिप दाखवायचीय. सगळीकडे लिहिलेलं असतं की हा 1900 सालचा, आवाजासकट केलेला पहिला हॅम्लेट. पण क्लिप लावली तर चिडीचूप. शिवाय शाळेपासून ऐकलंय की बोलपट 1927 नंतर आले. मग हे खरं काय, आणि कार्यक्रमात आवाज जोडायचा असेल तर कसा जोडायचा.

मी गेली सत्तावीस वर्षं साउंडमध्ये आहे, सुरुवात मुंबईत एका डबिंग स्टुडिओत लूप (डबिंगसाठी पुन्हा पुन्हा चालवायचा फिल्मचा तुकडा) चढवण्यापासून केली, त्यामुळे ‘लिप जातोय, दोन फ्रेम मागे घे’, म्हणजे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, हे वाक्य मी आईच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. म्हणून उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर. हो, तो आवाजाच्या कार्यक्रमातलाच तुकडा आहे, पण तुम्हाला वाटतंय तसा ‘बोलका’ नाही. 1900 साली पॅरिसला भलंमोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात सीन नदीच्या काठाने ‘र्यू द पारी’ म्हणून करमणुकीची गल्लीच होती, आणि तिथे ‘फोनो-सिनेमा-थिएटर’ नावाचं एक छोटं थिएटर चालायचं. चालवणारी बाई होती, मार्गरीत व्रिन्यो. कॅमेरा क्लेमाँ-मोरिसचा, म्हणजे ज्याने 1895 च्या डिसेंबरात ल्युमिएर बंधूंचा तो पॅरिसच्या ग्रँड कॅफेतला सिनेमाचा पहिला खेळ लावायला मदत केली होती तोच. आणि आवाजाचं मशीन आँरी लिओरेचं. हा लिओरे मूळचा घड्याळजी, आणि त्याने त्याआधी काय केलं होतं तर बोलणारी बाहुली! 1893 मध्ये झ्युमो कंपनीच्या बाहुलीच्या पोटात त्याने चिमुकला फोनोग्राफ बसवला होता. बाहुलीच्या पोटातून थेट हॅम्लेटपर्यंत, सात वर्षांत.

कल्पना अशी की पॅरिसच्या रंगभूमीवरचे बडे नट-नट्या, ज्यांना बघायला एरवी महाग तिकीट काढावं लागायचं, ते इथे दोन-दोन मिनिटांत बघायला आणि ऐकायला मिळणार. यादीत सारा बर्नहार्ट, कोकलँ, रेझान, नर्तकी क्लेओ द मेरोद. त्यात मूकनाट्य होतं, नाच होते, नाचांना थिएटरातच वाजवणारे लोक असायचे. म्हणजे ‘सगळं रेकॉर्ड केलेलं’ असा समज करून घेऊ नका, अर्धा मामला लाइव्हच होता.

आता सारा बर्नहार्टचा हॅम्लेट. तिने 1899 मध्ये स्वतःच्या थिएटरात हॅम्लेट केला, फ्रेंच गद्यात, पुरुषाची भूमिका, वय पंचावन्नच्या आसपास. फिल्मवर घेतला तो फक्त शेवटचा द्वंद्वाचा भाग, समोर हॅम्लेटचा प्रतिस्पर्धी लाएर्टीझ म्हणून पिएर मान्ये. पुरती दोन मिनिटंही नाहीत. आणि त्यात ‘टू बी ऑर नॉट टू बी’ वगैरे काही नाही, बोलणं नाहीच, आहे ते फक्त तलवारींचं. म्हणजे या तुकड्याला लागणारा आवाज एकच: पात्यावर पातं. तुमच्या क्लिपमधून संवाद हरवलेले नाहीत, ते त्यात कधी नव्हतेच.

खरी मजा बघायची असेल तर त्याच कार्यक्रमातला दुसरा तुकडा बघा, माझ्या मते आवाजाच्या इतिहासात हॅम्लेटपेक्षा हा मोठा. कोकलँचा सिरानो. रोस्ताँचं ‘सिरानो द बर्जराक’ हे नाटक 1897 च्या डिसेंबरात आलं, ती भूमिका कोकलँसाठीच लिहिलेली आणि त्यानेच गाजवलेली, म्हणजे 1900 मध्ये ते नाटक जुनं नव्हतं पण अभिजात व्हायला निघालेलं होतं, पॅरिसात लोकांना तोंडपाठ. पहिल्या अंकात एक उमराव सिरानोच्या नाकाची टिंगल करतो आणि सिरानो म्हणतो की मी तुझ्याशी लढेन आणि लढता लढता कविता रचेन. आठ-आठ ओळींची तीन कडवी आणि शेवटी चार ओळींचा समारोप. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद: समारोपाच्या शेवटी माझा वार लागणार. आणि खरंच, शेवटच्या शब्दावर तलवार लागते.

साउंडवाल्याच्या नजरेने बघा हे. हा प्रवेश म्हणजे नाटककाराने लिहून ठेवलेली सिंक टेस्ट आहे, चित्र आणि आवाज जुळतात का याची परीक्षा! आज आम्ही क्लॅप मारतो, दोन फळ्या मिटताना दिसतात आणि ‘टप्’ ऐकू येतो, ते दोन जुळवले की पुढचं जुळतं. इथे क्लॅप प्रवेशाच्या शेवटी आहे. सुरुवातीला थोडं मागेपुढे झालं तर चालेल, पण त्या शेवटच्या शब्दावर पातं लागलं नाही तर अख्खा प्रवेश फुकट, कारण गोष्टच ती आहे. आणि हे त्यांनी हाताने फिरवायच्या मशीनवर करायला घेतलं. याला धाडस म्हणा नाहीतर माज म्हणा.

करायचे कसे? फोनोग्राफ पडद्याजवळ, कारण आवाज तिथूनच यायला हवा. प्रोजेक्टर पाठीमागे केबिनमध्ये. फोनोग्राफवर सेल्युलॉइडचा सिलिंडर फिरतोय, तो आपल्या गतीने चालणार. प्रोजेक्टर हँडलने चालतो, साधारण सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ फ्रेम. दोघांमध्ये ना पट्टा ना साखळी. फेलिक्स मेस्गिश नावाचा प्रोजेक्शनिस्ट होता, त्याने पुढे आठवणीत लिहिलंय की फोनोग्राफचा आवाज त्याला केबिनमध्ये टेलिफोनच्या रिसीव्हरमधून ऐकू यायचा आणि तो ऐकत ऐकत तो हँडल कमी-जास्त वेगाने फिरवायचा. एक कान रिसीव्हरला, डोळे पडद्यावर आणि हात हँडलवर. म्हणजे सिंक मशीनमध्ये नव्हतंच, त्या माणसाच्या मनगटात होतं. तबलजी गवय्याबरोबर जसा चालतो तसं.

यात एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. डोळा-कानाच्या बाबतीत आपण सगळीकडे सारखे कडक नसतो. आवाज चित्राच्या मागे राहिला तर आपण बरंच खपवून घेतो, पण आवाज आधी आला की लगेच खटकतं. ब्रॉडकास्टवाल्यांचे जे आंतरराष्ट्रीय आकडे आहेत त्यात आवाज साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला तर लोकांना कळतो, मागे राहिला तर मात्र 125 पर्यंत कळत नाही. कारण साधं आहे, लांब धोबी कपडा आपटतो तेव्हा आधी दिसतं, मग ऐकू येतं, जन्मभर आपण हेच बघत आलोय. एक फ्रेम म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीला सुमारे 42 मिलिसेकंद. मोठ्या हॉलमध्ये पडद्यापासून पंधरा-सतरा मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज एक फ्रेमपेक्षा जास्त उशिराच पोचतो. म्हणजे मेस्गिशला चूक करायला परवानगी होती, पण एकाच बाजूला. फिल्म जरा पुढे, आवाज जरा मागे, एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

आता, नाटकातले प्रसिद्ध प्रवेशच का घेतले? नाव मोठं, तिकीट खपतं, हे आहेच. पण मला वाटतं कारण त्याहून जास्त धंद्याचं, म्हणजे आमच्या धंद्याचं आहे. तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता. आवाज कर्ण्यातून घ्यायचा, कर्णा तोंडाशी हवा, आणि तोंडाशी कर्णा असला तर कॅमेऱ्यात काय घेणार, कर्णा? म्हणजे आवाज वेगळा, चित्र वेगळं, आणि नटाला दोन्ही वेळा सारख्याच गतीने बोलायचंय. हे कोणाला जमेल? ज्याने तो प्रवेश शेकडो प्रयोगांत केलाय त्याला.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाटकाचं शूटिंग आमच्याकडे साउंडला आलं, जनरेटरची हम्म एवढी की संवाद वापरण्यालायक नव्हते. मुख्य भूमिकेतले ज्येष्ठ नट डबिंगला आले. मी त्यांना समजावतोय की काका, स्क्रीनवर बघा, बीप वाजेल, मग ओठ बघून बोला. ते म्हणाले, ‘चष्मा घरी राहिलाय, तू आपलं सुरू कर.’ आणि डोळे मिटून दोन-सव्वादोन मिनिटांचं स्वगत एका दमात म्हटलं. मी लावून बघितलं तर शेवटाला तीन-चार फ्रेमचा फरक, तोही आवाज मागे, म्हणजे चालणारा. त्याच दिवशी आधीच्या शिफ्टला सिनेमातला एक तरुण एका वाक्यासाठी अठरा टेक खाऊन गेला होता. गतीची सवय ही शरीरात जाऊन बसते, कोकलँच्या शरीरात ती सिरानोच्या कडव्यांसकट बसलेली होती.

आणि दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. सिलिंडरचा आवाज म्हणजे घागरीत तोंड घालून कोणीतरी बोलतंय असा. अनोळखी संवाद असते तर निम्मे कळले नसते. पण ओळ पाठ असली की कान गाळलेल्या जागा आपोआप भरतो. आपल्याकडे जुन्या खरखरीत तबकडीवर ‘नाथ हा माझा’ लागलं की आजोबांना प्रत्येक शब्द ऐकू यायचा आणि नातवाला नुसती खरखर, तोच प्रकार.

प्रदर्शन संपल्यावर हा कार्यक्रम गावोगाव फिरला आणि मग विरला. फिल्म्स राहिल्या, आवाज बराचसा गेला. 2012 मध्ये इटलीतल्या पोर्देनोनेच्या मूकपटांच्या महोत्सवात हा कार्यक्रम फ्रेंच अर्काइव्हवाल्यांनी दुरुस्त करून पुन्हा दाखवला, सिरानो त्यात कोकलँच्या आवाजासकट.

यानंतरचं पटकन सांगतो. गोमाँ कंपनीने 1902 मध्ये क्रोनोफोन दाखवला, त्यात फोनोग्राफ आणि प्रोजेक्टरच्या मोटारी विजेने एकमेकींना बांधल्या आणि मध्ये एक नियंत्रणाची पेटी ठेवली, तिला नाव दिलं ‘शेफ डॉर्केस्त्र’, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक. तबलजी गेला, पेटी आली. अ‍ॅलिस गी या दिग्दर्शिकेने त्यावर ‘कारमेन’, ‘फाऊस्ट’ अशा ऑपेरांचे प्रवेश केले, आणि पद्धत काय तर आधी आवाज रेकॉर्ड करायचा, मग तो लावून नटांनी तोंड हलवायचं. ओळखलंत ना? प्लेबॅक! ज्याला आपण आपला शोध समजतो तो.

एडिसनने 1913 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला कायनेटोफोन आणला, तो मात्र हट्टी, त्याला चित्र आणि आवाज एकदमच घ्यायचे होते. कर्णा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवून. मग नटांना ओरडावं लागायचं. त्याच्या यादीत ‘ज्युलियस सीझर’मधला ब्रूटस-कॅशियसच्या भांडणाचा प्रवेश आहे, आणि माझा आपला अंदाज, भांडणाचाच प्रवेश निवडला कारण त्यात ओरडणं शोभतं. दाखवताना फोनोग्राफ पडद्यामागे, प्रोजेक्टर थिएटरच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोघांना जोडणारी दोरी पुल्यांवरून डोक्यावरून अख्ख्या थिएटरभर. दोरी म्हटलं की ताणणार, घसरणार. दोन्ही टोकांना सरावलेला माणूस असेल तर छान, नसेल तर ब्रूटस तोंड मिटून उभा आणि त्याचा आवाज चालूच, लोक हसणार नाहीत तर काय. 1914 च्या डिसेंबरात एडिसनचा वेस्ट ऑरेंजचा कारखाना जळाला आणि त्याने तो नाद परत केला नाही.

म्हणजे बघा, 1900 ते 1914, आवाज घेता येत होता, चित्र घेता येत होतं. अडत होतं ते दोन ठिकाणी: दोन मशीन एकत्र चालणं, आणि हजार माणसांना ऐकू जाईल एवढा मोठा आवाज काढणं. दुसरं दुखणं व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर गेलं. पहिलं व्हिटाफोन नावाच्या तबकडीच्या यंत्रणेने 1926 मध्ये अर्धवट सोडवलं: 16 इंची तबकडी, मिनिटाला 33⅓ फेरे, एक तबकडी एका रिळापुरती, दहा-अकरा मिनिटं. फिल्मवर स्टार्टची फ्रेम, तबकडीवर बाण, सुई बाणावर ठेवायची आणि दोन्ही एकाच मोटारीवर. सुई आतून बाहेर जायची. लेबलवर वीसेक चौकोन छापलेले असायचे, दर खेळाला एक खूण करायची, चौकोन संपले की तबकडी बाद, कारण सुई ती खाऊन टाकायची. आणि फिल्म तुटली की खरी परीक्षा. तुटलेल्या चार फ्रेम कापून चिकटवलं की पुढचं सगळं चार फ्रेमने सरकलं, म्हणून जितक्या फ्रेम गेल्या तितक्या काळ्या फ्रेम मोजून जोडायच्या. कंटाळलेला ऑपरेटर हे करणार नाही, हे मी ऑपरेटरांबरोबर दिवस काढलेत म्हणून छातीठोक सांगतो. शाळेत ‘बोलपट 1927 पासून’ असं शिकवतात ते या मशीनमुळे, आधी आवाज नव्हता म्हणून नव्हे.

पक्का इलाज म्हणजे आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाने छापणं. तिथे तुटलं तर दोन्ही एकत्र तुटतं. याच पद्धतीवर इंग्लंडमध्ये 1927 ला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कोर्टाचा प्रवेश केला, शायलॉक लुईस कॅसन. पुन्हा बघा, एकच प्रवेश, तोही सगळ्यांना पाठ असलेला. सवय सुटत नव्हती.

शेक्सपिअरचं अख्खं नाटक बोलपटात आलं ते 1929 मध्ये, ‘टेमिंग ऑफ द श्रू’, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स, दिग्दर्शक सॅम टेलर. अख्खं म्हणजे काय, तासाभराच्या थोडं वर, कापून कापून सांगाडा केलेला. आपल्याकडे हेच नाटक वा. बा. केळकरांनी ‘त्राटिका’ करून आणलं आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशांनी गाजवलं, त्यामुळे गोष्ट ओळखीची वाटेल. मला त्यात दोन जागा आवडतात. एक, नायिका केट दिसायच्या आधीच तिचा धुडगूस सुरू झालेला असतो, वस्तू फेकल्या जातायत, नोकर पळतायत. आवाजवाल्या सिनेमाला इथे कळलं की जे दिसत नाही ते ऐकवता येतं. दुसरी, शेवटचं ते आज्ञाधारक बायकोचं भाषण. पिकफर्ड अख्खं भाषण सरळ म्हणते आणि बहिणीकडे बघून डोळा मारते. शब्द शेक्सपिअरचे, अर्थ उलटा, आणि तो उलटा केला चित्राने. रंगभूमीवर हा डोळा तिसऱ्या रांगेपलीकडे दिसलाही नसता. बाकी सिनेमा तसा जड आहे, दोघंही सुटे वाटत नाहीत.

आपल्याकडे 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तोही जोसेफ डेव्हिडच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरूनच. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. 1932 चा ‘इंद्रसभा’ लखनौच्या अमानतच्या नाटकावरून, सत्तरच्या आसपास गाणी. आणि 1935 मध्ये सोहराब मोदींनी ‘खून का खून’ केला, म्हणजे हॅम्लेट, स्वतःच्या रंगमंचावरच्या प्रयोगाचंच चित्रण, ओफिलिया नसीम बानू. इथे पस्तीस वर्षांनी हॅम्लेट बोलला, तोही उर्दूत. मराठीत आगरकरांचा ‘विकारविलसित’ त्याच्या कितीतरी आधी रंगमंचावर होता. तो गणपतरावांच्या आवाजात फिल्मवर सापडला असता तर मी सत्तावीस वर्षांची कमाई द्यायला तयार आहे, पण ते जाऊ दे.

आता तुमचा कार्यक्रम. लॅपटॉपवर तलवारींचे आवाज चिकटवून एक फाइल बनवायची, असं सगळे सुचवतील. करू नका. एकतर नेटवर मिळणाऱ्या जुन्या क्लिपांची गती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि तयार आवाज सिनेमातले ‘शिंग्ग’ वाले असतात, ते त्या चित्रावर भयंकर दिसतात. मी स्वतः एकदा एका कॉलेजच्या फिल्म क्लबात दोन वेगळ्या मशीनवरून चित्र आणि आवाज लावायचा शहाणपणा केला होता, अर्ध्या मिनिटात हॅम्लेट मारतोय आणि आवाज लाएर्टीझ पडल्यावर येतोय अशी अवस्था. शेवटी व्हॉल्यूम शून्य केला आणि पाणी प्यायला बाहेर गेलो.

त्यापेक्षा पडद्यामागे दोन जण उभे करा, हातात लोखंडी सळ्या, बोटभर जाड, लांबी हातभर. फार जड नकोत, आवाज मठ्ठ येतो. कापडाचा पडदा असेल तर मागून चित्र दिसतं, पण उलटं, डावा उजवा होतो, हे आधी लक्षात घ्या नाहीतर प्रयोगात गोंधळ होतो. पातं लागताना बघून मारायला गेलात तर उशीर होणारच, माणसाला बघून हात हलवायलाच पाव सेकंद लागतो आणि तेवढा उशीर मागच्या रांगेतही कळतो. म्हणून पात्याकडे नाही, साराच्या मनगटाकडे बघायचं, मनगट आधी वळतं. आणि क्लिप वीस-पंचवीस वेळा बघून तोंडाने बोल बसवा, आपल्या लेझीमचे बसवतात तसे, एक-दोन, थांब, एक-दोन-तीन. फाइल मात्र सरावाला जी वापरली तीच प्रयोगाला लावा, कोणीतरी आयत्या वेळी ‘जास्त क्लिअर’ वाली डाउनलोड करून आणतोच, त्याला केबिनपासून लांब ठेवा.